कमी इंधनात लांबचा पल्ला : छोटी डिझेल मोटार आणि अमेरिकी ग्राहक

एकाच कंपनीची, एकाच आकाराची आणि जवळजवळ सारख्याच वजनाची मोटार पेट्रोल व डिझेल अशा दोन्ही प्रकारांत मिळत असेल, तर डिझेलची गाडी लिटरमागे सुमारे तीस टक्के अधिक अंतर जाते, हा अनुभव भारतातील वाहनधारकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. याच गुणाच्या बळावर पश्चिम युरोपात २०११च्या सुमारास विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक मोटारी डिझेलवर चालणाऱ्या होत्या. अमेरिकेत कामावरची रोजची ये-जा आणि सुटीतला प्रवास हे दोन्ही बहुतांशी मोटारीनेच होतात आणि अंतरेही मोठी असतात, त्यामुळे तेथे ही गाडी सर्वाधिक खपायला हवी होती. प्रत्यक्षात मात्र नव्या मोटारींमधील डिझेलचा वाटा १९८१मध्ये सहा टक्क्यांच्या आसपास पोचला आणि तोच त्याचा उच्चांक ठरला. ज्या थोड्या अमेरिकी ग्राहकांनी ही गाडी घेतली ते तिच्यावर मनापासून खूश होते, तरीही बाकीच्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, असे का घडले असावे? या कोड्याचे उत्तर काही अंशी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये आहे आणि काही अंशी तेलशुद्धीकरण कारखाना, करांची रचना व हवेच्या शुद्धतेचे कायदे यांमध्ये आहे.

ठिणगीविना पेटणारे इंधन

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, सिलिंडरमध्ये दाबतो आणि मग स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे सिलिंडरमध्ये सुरुवातीला केवळ हवा घेतली जाते आणि ती फार मोठ्या प्रमाणावर दाबली जाते. सायकलच्या चाकात जोराने हवा भरताना पंपाची नळी जशी हाताला गरम लागते, तशीच ही हवाही दाबामुळे तापते, आणि येथील दाब कित्येक पटींनी मोठा असल्यामुळे तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. अशा तापलेल्या हवेत डिझेलचे बारीक तुषार सोडले की ते आपोआप पेट घेतात. थंडीच्या दिवसांत इंजिन गार असताना हवा पुरेशी तापत नाही, म्हणून सिलिंडरमध्ये विजेवर तापणारी एक छोटी कांडी बसवलेली असते, तिला ग्लो प्लग म्हणतात.

दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती तो माथ्याशी गेल्यावर उरणाऱ्या जागेच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. नेहमीच्या पेट्रोल इंजिनात हे गुणोत्तर दीर्घकाळ ९ ते ११च्या दरम्यान राहिले, तर डिझेल इंजिनात ते साधारणपणे १६ ते २३ इतके असते. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण एवढे दाबले तर ते ठिणगीची वाट न पाहता अवेळीच पेटते आणि इंजिनाला धक्के बसू लागतात. डिझेल इंजिनात मात्र दाबताना आत इंधनच नसल्यामुळे ही मर्यादा आड येत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला या कल्पनेचे पेटंट १८९३मध्ये मिळाले, आणि १८९७मध्ये आउग्सबुर्ग येथे तपासल्या गेलेल्या त्याच्या इंजिनाने इंधनातील सुमारे सव्वीस टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करून दाखवले, जे त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या कितीतरी पुढचे होते.

बचत नेमकी कोठे होते

ही कार्यक्षमता मुख्यतः दोन ठिकाणी कमावली जाते. पहिली गोष्ट अशी की, वायू जितका अधिक दाबलेल्या अवस्थेत पेटतो तितकाच तो पुढे अधिक प्रसरण पावतो, आणि प्रसरण पावताना दट्ट्याला ढकलण्याचे काम अधिक काळ करतो. त्यामुळे धुराच्या नळीतून वाया जाणारी उष्णता कमी होते.

दुसरी गोष्ट गाडीचा वेग कसा कमी-जास्त केला जातो याच्याशी निगडित आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण ठरावीक ठेवावे लागते, म्हणून शक्ती कमी हवी असेल तेव्हा हवेच्या वाटेतील एक झडप अर्धवट मिटून हवाच कमी घ्यावी लागते, आणि अशा मिटलेल्या वाटेतून हवा ओढून घेण्यातच इंजिनाची काही शक्ती खर्ची पडते. डिझेल इंजिनात हवा भरपूर येऊ देऊन केवळ इंधनाची मात्रा कमी-जास्त केली जाते, त्यामुळे हा भुर्दंड जवळजवळ पडत नाही. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाणारी छोटी मोटार आपल्या इंजिनाच्या क्षमतेचा लहानसा हिस्साच वापरत असल्यामुळे ही बचत प्रवासभर होत राहते.

पुढे या मूळ रचनेला दोन जोड मिळाल्या. जुन्या छोट्या डिझेल इंजिनांत इंधन आधी एका बाजूच्या लहान कप्प्यात पेटवले जाई, आणि त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेत. इंधन थेट मुख्य सिलिंडरमध्ये सोडण्याचे तंत्र साधल्यावर ही उष्णता वाचली. दुसरी जोड टर्बोचार्जरची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने पंखा फिरवून सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबणाऱ्या यंत्राची होती. १९८९मध्ये आउडी १०० या गाडीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि टीडीआय हे नाव रूढ झाले.

लिटरचे माप थोडे फसवे

डिझेल आणि पेट्रोल यांची तुलना लिटरमागे करताना एक बाब सहसा नजरेआड होते. डिझेल पेट्रोलपेक्षा घट्ट असते आणि एकाच मापाच्या डिझेलमध्ये सुमारे चौदा टक्के अधिक ऊर्जा साठलेली असते. म्हणून डिझेलची गाडी लिटरमागे तीस टक्के पुढे गेली, तरी त्यातील जवळजवळ निम्मा वाटा इंधनाच्या घनतेचा असतो आणि उरलेला इंजिनाच्या कार्यक्षमतेचा. कार्बन डायऑक्साइडलाही हाच हिशेब लागू पडतो. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३५ किलो, तर एक लिटर डिझेल जाळल्यावर सुमारे २.६९ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे मायलेजमधील तीस टक्क्यांची वाढ कार्बनच्या हिशेबात सुमारे बारा टक्क्यांची घट म्हणून उरते. ही घट खरी आहे, परंतु पंपावरच्या आकड्यांवरून वाटते तेवढी मोठी नाही.

तेलटंचाई आणि पहिली लाट

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि स्वस्त पेट्रोलची सवय झालेल्या अमेरिकी ग्राहकाला पंपावर रांगेत उभे राहावे लागले. १९७५च्या कायद्याने मोटार कंपन्यांवर आपल्या सर्व गाड्यांचे सरासरी मायलेज वाढवण्याचे बंधन घातले. अशा वातावरणात फोक्सवॅगन कंपनीने आपली गोल्फ ही छोटी गाडी अमेरिकेत रॅबिट या नावाने आणि १९७७च्या मॉडेलपासून डिझेल इंजिनासह विकायला काढली. दीड लिटरच्या त्या इंजिनाची शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आसपास होती. गाडी वेग घ्यायला संथ होती, आवाज करत होती आणि काळा धूर सोडत होती. तरीही १९७९च्या इराणमधील क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकले तेव्हा या उणिवा लोकांनी पत्करल्या, आणि पाठोपाठ शेव्हरोले शेव्हेट, निस्सान सेंट्रा, फोर्ड एस्कॉर्ट अशा छोट्या गाड्याही डिझेल इंजिनासह बाजारात आल्या.

ही लाट ओसरण्याची कारणे दोन होती. १९७८पासून जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल या नावाखाली मोठ्या गाड्यांसाठी ५.७ लिटरचे डिझेल इंजिन काढले, ज्याचा आराखडा पेट्रोल इंजिनाच्या आराखड्यावर बेतलेला होता. सिलिंडरचे झाकण आवळून धरणारे बोल्ट डिझेलच्या प्रचंड दाबाला पुरेनात, त्यामुळे झाकणाखालची गॅस्केट फाटू लागली. शिवाय इंधनातील पाणी वेगळे काढणारी व्यवस्था नसल्यामुळे इंधनपंप गंजून बिघडू लागले. ग्राहक न्यायालयात गेले आणि १९८५मध्ये हे इंजिन बंद झाले, पण दोष एका आराखड्याचा असूनही बदनामी सगळ्या डिझेल मोटारींच्या वाट्याला आली. त्यातच १९८६मध्ये कच्च्या तेलाचे भाव कोसळले, आणि पेट्रोल पुन्हा स्वस्त झाल्यावर संथ व धुरकट गाडी सहन करण्याचे कारणच उरले नाही.

महामार्गावरचे आकर्षण

१९९०च्या दशकात टीडीआय इंजिने अमेरिकेत आली आणि डिझेल गाडीचा स्वभावच पालटला. इंजिनाच्या दांड्याला पीळ देणाऱ्या बलाला टॉर्क म्हणतात, आणि थांबलेली गाडी हलवताना, चढ चढताना किंवा पुढच्या वाहनाला मागे टाकताना चालकाला जाणवतो तो मुख्यतः हाच टॉर्क. २००९च्या फोक्सवॅगन जेट्टा टीडीआयचे दोन लिटरचे इंजिन १४० अश्वशक्तीचे होते आणि त्याचा टॉर्क ३२० न्यूटन-मीटर होता. त्याच गाडीच्या अडीच लिटरच्या पेट्रोल इंजिनाची शक्ती १७० अश्वशक्ती होती, परंतु टॉर्क सुमारे २४० न्यूटन-मीटरच होता. शिवाय डिझेल इंजिनाचा टॉर्क कमी फेऱ्यांवरच मिळत असल्यामुळे गिअर न बदलता आणि इंजिनाला न ओरडवता गाडी जोमाने पुढे जाई. काटकसरीची गाडी म्हणजे मरतुकडी गाडी, ही अमेरिकी ग्राहकाची जुनी समजूत येथे मोडली.

या गाडीचे सरकारी मायलेज शहरात गॅलनला ३० मैल आणि महामार्गावर ४१ मैल, म्हणजे लिटरला अनुक्रमे सुमारे १२.८ आणि १७.४ किलोमीटर असे होते. पंचावन्न लिटरची टाकी एकदा भरली की महामार्गावर साडेनऊशे किलोमीटरपर्यंत जाता येत असे. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे सुमारे सहाशे किलोमीटरचे अंतर वाटेत इंधन न भरता पार करून वर बराच साठा शिल्लक राही. दूरच्या उपनगरातून कामावर जाणारे, विक्रीनिमित्त राज्याराज्यांतून फिरणारे आणि लांबच्या सहलींची आवड असणारे लोक या गाडीचे निष्ठावान ग्राहक होते ते यामुळेच.

महिंद्र या मुंबईच्या कंपनीनेही याच ओढीचा अंदाज घेऊन अमेरिकेत छोटा डिझेल पिकअप विकण्याची योजना आखली होती आणि २०१०मध्ये त्यासाठी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमाणपत्रही मिळवले होते. तथापि अमेरिकी वितरकाशी बिनसल्यामुळे तो पिकअप तेथील विक्रेत्यांपर्यंत पोचलाच नाही.

पैशाचा हिशेब

बहुसंख्य ग्राहक मात्र शेवटी पैशाचा हिशेब करतात आणि अमेरिकेत तो डिझेलला फारसा अनुकूल नव्हता. युरोपातील बहुतेक देशांनी डिझेलवरील कर पेट्रोलपेक्षा कमी ठेवला होता, आणि भारतातही ऑक्टोबर २०१४मध्ये दर नियंत्रणमुक्त होईपर्यंत डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवले जात होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कर याच्या उलट आहे : पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट. शिवाय तेथील शुद्धीकरण कारखाने कच्च्या तेलातून जवळपास निम्मा भाग पेट्रोलच्या रूपाने काढण्याच्या दृष्टीने उभारलेले आहेत, आणि जे डिझेल निघते त्याला मालमोटारी, रेल्वे व शेतीयंत्रे यांच्याकडून मागणी असते. ईशान्येकडील राज्यांत घरे उबदार ठेवण्यासाठी जाळले जाणारे तेलही याच जातीचे असते. परिणामी २००४च्या शरद ऋतूपासून अमेरिकेत डिझेल बहुतेक काळ पेट्रोलपेक्षा महागच राहिले.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून लक्षात येईल. पेट्रोलची गाडी लिटरला १३ आणि डिझेलची १७ किलोमीटर जाते, वर्षाकाठी २०,००० किलोमीटर प्रवास होतो आणि पेट्रोल लिटरला एक डॉलर आहे असे धरू. पेट्रोलच्या गाडीला सुमारे १,५३८ लिटर, तर डिझेलच्या गाडीला सुमारे १,१७६ लिटर इंधन लागेल. दोन्ही इंधनांचा भाव सारखा असेल तर वर्षाला ३६२ डॉलर वाचतील, परंतु डिझेल पंधरा टक्क्यांनी महाग असेल तर ही बचत १८५ डॉलरवर येईल. मजबूत बांधणी, टर्बोचार्जर आणि उच्च दाबाची इंधनयंत्रणा यांमुळे डिझेलची गाडी दोन हजार डॉलरने महाग पडत असेल, तर तेवढे पैसे वसूल व्हायला जवळजवळ अकरा वर्षे लागतील. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र साडेपाच वर्षे पुरतील. २००९च्या जेट्टा टीडीआयच्या खरेदीवर केंद्र सरकार १,३०० डॉलरची करसवलत देत असे. तेवढी सवलत या उदाहरणात धरली, तर वसुलीचा काळ चार वर्षांच्या आत येतो, यावरून अशा सवलतीचे महत्त्व कळते.

काटकसरीच्या मुळाशीच असलेला दोष

डिझेलपुढची सर्वांत अवघड अडचण भावाची नव्हती, ती रसायनशास्त्राची होती. हवेत जवळजवळ चार पंचमांश भाग नायट्रोजनचा असतो आणि एरवी तो ऑक्सिजनशी संयोग पावत नाही. मात्र तापमान फार चढले आणि ऑक्सिजन मुबलक असला की नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, जी श्वसनमार्गाला अपायकारक असतात आणि उन्हात ओझोन व धुरके निर्माण करतात. उच्च दाब, उच्च तापमान आणि भरपूर हवा याच गोष्टींमुळे डिझेल इंजिन काटकसरी होते, आणि याच गोष्टी या ऑक्साइडांना जन्म देतात. ज्वलनाचे तापमान उतरवावे तर ऑक्साइडे कमी होतात, पण इंधन अर्धवट जळून काजळी वाढते.

पेट्रोलच्या गाडीत धुराच्या मार्गात बसवलेला उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न बदलता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, या ऑक्साइडांचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. परंतु धुरात जादा ऑक्सिजन असेल तर हा उत्प्रेरक त्या कामी निष्प्रभ ठरतो आणि डिझेलच्या धुरात तो नेहमीच असतो. म्हणून डिझेलसाठी वेगळे उपाय शोधावे लागले : काजळी अडवणारी गाळणी, युरियाचे द्रावण फवारून ऑक्साइडे मोडणारी यंत्रणा, किंवा ऑक्साइडे काही काळ धरून ठेवणारा सापळा, जो मोकळा करण्यासाठी अधूनमधून जादा इंधन जाळावे लागते. यांतील प्रत्येक उपाय गाडीची किंमत वाढवतो किंवा मायलेज घटवतो.

अमेरिकी नियमांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी इंधनानुसार भेद केला नाही. तेथील नियमांनुसार डिझेल गाडीलाही पेट्रोल गाडीप्रमाणे नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा मैलामागे ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरमागे ०.०४४ ग्रॅमच्या आत पाळावी लागे, तर त्याच सुमारास लागू झालेल्या युरो ५ नियमांत डिझेल गाडीला किलोमीटरमागे ०.१८ ग्रॅम, म्हणजे चौपट मुभा होती. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मेन आणि व्हरमाँट या राज्यांत तर कडक नियमांमुळे २००४ ते २००६ या मॉडेल वर्षांच्या नव्या छोट्या डिझेल गाड्या विकताच येत नव्हत्या.

दुसरी लाट आणि तिचा शेवट

गंधक ही आणखी एक अडचण होती, कारण गंधकामुळे उत्प्रेरक निकामी होतात. २००६च्या अखेरीस अमेरिकी पंपांवर दशलक्ष भागांत केवळ १५ भाग गंधक असलेले डिझेल येऊ लागले. पूर्वी ही मर्यादा ५०० भागांची होती. त्यामुळे धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणा बसवणे शक्य झाले आणि ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून जेट्टा टीडीआय पन्नासही राज्यांत विकली जाऊ लागली. २००९ची ‘ग्रीन कार ऑफ द इयर’ म्हणून तिची निवडही झाली.

ही स्वच्छता प्रयोगशाळेपुरतीच होती, हे पुढे उघड झाले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी धूर मोजणारी उपकरणे गाडीतच ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली, तेव्हा दोन फोक्सवॅगन गाड्यांचे आकडे मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेले दिसले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीवर नोटीस बजावली. गाडीच्या संगणकातील आज्ञावली चाचणी चालू आहे हे स्टिअरिंगच्या चाकाच्या हालचालीवरून, वेगावरून आणि तत्सम खुणांवरून ओळखत असे आणि तेवढ्यापुरती धुराची सफाई पुरती चालू ठेवत असे. रस्त्यावर ती ढिली सोडली जाई आणि ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत बाहेर पडत. अमेरिकेत अशा दोन लिटरच्या सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्या होत्या, तर जगभरात ही आज्ञावली असलेल्या गाड्या सुमारे १ कोटी १० लाख. जून २०१६मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीची रक्कम १४.७ अब्ज डॉलरपर्यंत जाणारी होती आणि तीत गाड्या परत विकत घेण्याची तरतूद होती. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर कंपनीने डिसेंबर २०१५मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

प्रामाणिकपणे सफाई करणारी छोटी डिझेल गाडी मुळीच अशक्य नव्हती. शेव्हरोले क्रूझच्या १.६ लिटर डिझेल प्रकाराला महामार्गावर गॅलनला ५२ मैल, म्हणजे लिटरला सुमारे २२ किलोमीटर, असे सरकारी मायलेज मिळाले होते. परंतु क्रूझचे अमेरिकेतील उत्पादन २०१९मध्ये थांबले, आणि तोवर काटकसर हवी असणाऱ्या ग्राहकापुढे दुसरा पर्याय केव्हाच आला होता. टोयोटा प्रायससारखी हायब्रिड गाडी ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते, शहरातच अधिक मायलेज देते, साध्या पेट्रोलवर चालते आणि तिला पेट्रोलचा नेहमीचा उत्प्रेरक पुरतो. डिझेलची बाजू लांब व सलग प्रवासात वरचढ होती, तर सर्वसामान्य अमेरिकी कुटुंबाच्या गाडीचा बराच वापर शहरात होतो. म्हणून छोट्या डिझेल मोटारीचे अमेरिकेतील आकर्षण खरे असूनही महामार्गावर वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर काढणाऱ्या ग्राहकांपुरतेच राहिले, आणि स्वच्छतेची पूर्ण किंमत त्यात मिळवल्यावर तो वर्ग आणखी लहान झाला.

चौकट : थोडक्यात

- डिझेल इंजिन ठिणगीऐवजी दाबाने तापलेल्या हवेवर चालते. मोठे संपीडन गुणोत्तर आणि हवेची मोकळी वाट यांमुळे इंधन वाचते.
- लिटरमागील तीस टक्के आघाडीतला जवळजवळ निम्मा भाग डिझेलच्या घनतेमुळे मिळतो. कार्बन डायऑक्साइडमधील घट सुमारे बारा टक्के भरते.
- अमेरिकी ग्राहकाला भावले ते महामार्गावरचे मायलेज, एका टाकीत जाणारे लांबचे अंतर आणि कमी फेऱ्यांवर मिळणारा भरपूर टॉर्क.
- महाग डिझेल, गाडीची जादा किंमत आणि सर्व इंधनांना सारखेच लागू असलेले धुराचे कडक नियम यांमुळे बाजार मर्यादित राहिला.
- नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काटकसर या दोहोंचे मूळ एकच आहे, म्हणून सफाईचा खर्च मायलेजच्या हिशेबात धरावाच लागतो.